एक गाव धरा, मग पदकं शोधा

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका ताईंना जवळच्या इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) बटणांच्या डब्यात ब्राँझची काही पदकं मिळाली. कुठल्या गावाची शताब्दी, कुठल्या शहराची द्विशताब्दी, एकावर न्यू जर्सीच्या त्रिशताब्दीची १६६४–१९६४ अशी सालं. त्या विचारतात, यांचा संग्रह करण्यात काही अर्थ आहे का, असेल तर सुरुवात कशी करायची, काळपट पडलेली पदकं उजळायची का आणि पुण्याच्या घरी नेऊन ठेवली तर टिकतील का.

ताई, उजळायचं आधी सांगतो, कारण बाकीच्या गोष्टी वर्षभराने केल्या तरी चालतील, हे मात्र आज संध्याकाळीच हातून होऊन जाईल. उजळू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, पीतांबरी नको, चांदीचे दागिने पुसायचं ते खास कापडही नको. तुम्हाला जो काळपटपणा दिसतोय तो बहुतेक वेळा मळ नसतोच, कारखान्यात मुद्दाम दिलेला रंग असतो. ठशाखालून निघालेलं पदक नव्या तांब्या-पितळेच्या भांड्यासारखं लखलखतं आणि त्या लखलखाटात चेहऱ्याचा उंचसखलपणा दिसतच नाही. म्हणून ते गंधकयुक्त रसायनात बुडवून काळं करतात, उंच भागांवरचा काळेपणा हलक्या हाताने उतरवतात, खाचांमधला तसाच ठेवतात आणि वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, पातळ हात देतात. जहाजाचं शीड किंवा माणसाचं नाक उठून दिसतं ते या छटेमुळे. चिंचेतलं आम्ल हा थर बघता बघता खातं. मीठ त्याहून वाईट, कारण त्यातलं क्लोराइड खाचेत अडकून राहतं आणि पुढे तिथूनच हिरवी पूड फुटायला लागते. एकोणिसाव्या शतकातल्या पदकांची तर आणखी वेगळी गोष्ट. फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीतली त्या काळातली बरीचशी ‘ब्राँझ’ पदकं मुळात तांब्याची असत, वर पूड चढवून, तापवून त्यांना तो गडद चॉकलेटी रंग आणलेला असे. तो एकदा घासून काढला की तसाच परत कुणालाही चढवता येत नाही.

मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, कडेने धरा, आणि तूर्त तेवढंच करा.

आता अर्थ आहे का, याचं उत्तर. पैसे गुंतवायचे म्हणून विचारत असाल तर स्पष्ट नाही म्हणतो. १९५० ते १९८० या काळातली बहुतेक गावपदकं अजूनही पाच ते वीस डॉलरांत मिळतात आणि विकायला गेलात तर त्याहून कमीच हातात येतील. अर्थ आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. गावातली एक समिती बसते, चार पैसे गोळा करते आणि आपल्या दोनशे-तीनशे वर्षांतून दोन चित्रं निवडते, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. पांढरं चर्च, पाणचक्की, झाकलेला लाकडी पूल, रेल्वेचं इंजिन. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला गेलात तर वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन आणि तिथले मूळ रहिवासी लेनापे यांचा एल्मच्या झाडाखालचा तह. जमीन कशी हातात आली हे सांगताना समित्यांना हस्तांदोलन फार आवडतं. पुढे त्या लेनापे लोकांचं काय झालं, ते मागच्या बाजूला तुम्हाला कधी दिसणार नाही. कुठल्या गावाने काय निवडलं आणि काय गाळलं, हे एकाशेजारी एक ठेवून बघण्यात या छंदाची सगळी गंमत आहे. आणि म्हणूनच माझा सल्ला नेहमी एकच असतो: धातू, आकार, कारखाना यांपैकी काही धरू नका, एक गाव किंवा फार तर एक काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, धरा. अमेरिकाभरचं जे दिसेल ते घ्यायला गेलात तर डबा लवकर भरेल, पण त्यातल्या कशाबद्दलही चार वाक्यं सांगता येणार नाहीत.

तुमच्या बाबतीत तर गाव शोधायलाही लांब जायला नको. ओक ट्री रोडवर मिठाई घ्यायला जाता त्याच पट्ट्यात बघा. वुडब्रिजची सनद १६६९ ची, म्हणजे त्रिशताब्दी १९६९. पिस्कॅटवे १६६६, म्हणजे १९६६. न्यू ब्रन्सविकने १६८० धरून २५० वर्षांचा उत्सव १९३० मध्ये केला. खुद्द एडिसनची मौज वेगळीच. ही टाउनशिप १८७० मध्ये स्थापन झाली ती रॅरिटन टाउनशिप या नावाने, एडिसन हे नाव १९५४ मध्ये आलं. तेव्हा १९५४ च्या आधीचं काहीही शोधताना जुनंच नाव टाकावं लागेल. आणि तुमच्याकडचं १६६४ म्हणजे इंग्रजांनी डचांकडून न्यू नेदरलँड घेतलं आणि ड्यूक ऑफ यॉर्कने त्यातला हा तुकडा बर्कली आणि कार्टरेट या दोघांना देऊन टाकला ते साल.

सालांबाबत मात्र सावध राहा. गाव ‘कधी’ सुरू झालं, याची अमेरिकेत दोन-तीन उत्तरं असतात: पहिली वस्ती, सनद, नगरपालिका. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी बघा. तिथे १८८६ मध्ये द्विशताब्दी झाली, १९२४ मध्ये त्रिशताब्दी झाली आणि १९३६ मध्ये २५० वं वर्ष! त्रिशताब्दी १६२४ च्या डच किल्ल्यापासून मोजलेली, बाकीचे दोन उत्सव १६८६ च्या सनदेपासून. न्यूयॉर्क शहर त्याहून पुढचं: १६५३ धरून १९५३ मध्ये त्रिशताब्दी, १६६४ धरून १९६४ मध्ये पुन्हा, आणि मध्येच पाच बरोंचं (आजच्या शहराच्या पाच विभागांचं) एकत्रीकरण १८९८ मध्ये झालं म्हणून १९४८ ला सुवर्णमहोत्सव. एका शहराच्या पदकांची ‘मालिका’ लावताना वर्षं जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका, विक्रेत्याने चूक केली असंही लगेच समजू नका.

अशा उत्सवांची लाट कुठून आली हे कळलं की कुठल्या काळात काय शोधायचं तेही कळतं. १८७६ मध्ये देशाची शताब्दी होती. २५ मे १८७६ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जाहीरनामा काढून प्रत्येक काउंटी-गावाने ४ जुलैला जमावं आणि आपल्या गावाचा इतिहास लिहून वाचावा अशी शिफारस केली. स्थानिक इतिहास लिहिण्याची सवय तिथून गावोगाव पसरली. त्याच वर्षी काँग्रेसच्या परवानगीने टांकसाळीने विल्यम बार्बरच्या ठशांवरून शताब्दीची पदकं काढली, लहान आणि मोठ्या आकारात. त्यानंतर ओळ लागली: १८८० मध्ये बॉस्टनची २५० आणि बाल्टिमोरची १५० वर्षं, १८८२ मध्ये पेनच्या आगमनाची दोनशे, १८८८ मध्ये न्यू हेवनची २५०. यातली बरीचशी पदकं कारागिरांनी काढलेली, शिल्पकारांनी नव्हे. अक्षरं दाटीवाटीची, चित्र चपटं. १८८९ मध्ये न्यूयॉर्कने वॉशिंग्टनच्या शपथविधीची शताब्दी केली तेव्हा शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्सने आराखडा दिला, फिलिप मार्टिनीने तो घडवला आणि गोरहम कंपनीने ते मोठं पदक ठशाखाली न छापता ओतून काढलं. त्यातली मोकळी जागा आणि अक्षरांची मांडणी बघा, पुढची चाळीस वर्षं चांगली गावपदकं त्याच वाटेने गेली. १९०९ चा हडसन-फुल्टन उत्सव त्याच वाटेवरचा. हेन्री हडसन आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नदीत शिरल्याची तीनशे वर्षं आणि फुल्टनच्या आगबोटीची शंभर (ती खरी १९०७ लाच भरली होती, पण एका खर्चात दोन कार्यं उरकली). पदक एमिल फुक्सचं, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या देखरेखीखाली, घडवलं नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होगने. तुमच्या राज्यातला कारखाना, नदी तुमच्या शेजारची. न्यू जर्सीच्या संग्रहात एखादं ‘बाहेरचं’ पदक हवं असेल तर हे घ्या.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण १९५० नंतर पदकांचा पूर का आला हे तिच्याशिवाय कळत नाही. त्याआधी मोठ्या समित्यांना पदक नको असायचं, नाणं हवं असायचं. काँग्रेसकडून कायदा करून घ्यायचा, टांकसाळीकडून स्मारक अर्धा डॉलर दर्शनी किमतीला घ्यायचा आणि चढ्या भावाने विकून उत्सवाचा खर्च काढायचा. मिनेसोटात १९२५ मध्ये नॉर्स-अमेरिकन (नॉर्वेहून आलेल्या लोकांची) शताब्दी झाली, तिच्यासाठी नाणं मिळालं नाही म्हणून जेम्स अर्ल फ्रेझरचं अष्टकोनी पदक टांकसाळीत पाडलं. मुख्यतः चांदीत, पण मोठ्या आकाराची, चांदीचा मुलामा दिलेली ब्राँझची मोजकीच आहेत. पण तेव्हा हा अपवाद होता. १९३६ मध्ये तर कहर झाला. ब्रिजपोर्ट, एल्जिन, लिंचबर्ग, ऑल्बनी, मेन राज्यातली यॉर्क काउंटी, ज्याला त्याला अर्धा डॉलर. सिनसिनाटीचं नाणं हे शहर संगीताचं केंद्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून निघालं आणि १८८६ मध्ये त्या शहरात संगीताच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. तीन टांकसाळींत मिळून सुमारे पंधरा हजार नाणी, आणि ती सगळी एका व्यापाऱ्याच्या गटाच्या हातात. लोक चिडले, काँग्रेसने १९३९ मध्ये जुन्या परवानग्या बंद केल्या. तरी गावं थांबेनात. १९५४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एकदम तीन विधेयकं परत पाठवली: लुइझियाना खरेदीची १५० वर्षं, न्यूयॉर्क शहराची तीनशे आणि मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनची तीनशे. नाण्यांचे इतके प्रकार झाले तर चलनात गोंधळ होतो, हा मुख्य आक्षेप.

नाण्याची वाट बुजली आणि गावं पदकांकडे वळली. काहींनी काँग्रेसकडूनच पदकाची परवानगी मिळवली. पोनी एक्सप्रेस (घोडेस्वारांची जुनी टपालसेवा), आयडहो टेरिटरी, नेवाडा, १९६४ ची सेंट लुईस द्विशताब्दी, १९६९ मध्ये सॅन दिएगोची दोनशे वर्षं ही सगळी टांकसाळीत छापलेली पदकं आहेत. बाकीची हजारो गावं खासगी कारखान्यांकडे गेली. म्हणून १९५५ ते १९७५ या काळात अगदी चार-पाच हजार वस्तीच्या गावाचंही पदक सापडतं.

कारखाना कुठला हे बघायला भिंग घ्या आणि पदकाची कड वाचा. नवे संग्राहक दोन्ही बाजू निरखतात, कड विसरतात. मेडॅलिक आर्ट कंपनीचं नाव दिसलं आणि शेजारी न्यूयॉर्क असेल तर पदक साधारण १९७२ च्या आधीचं, डॅनबरी, कनेक्टिकट असेल तर नंतरचं, कारण कंपनी त्या वर्षी तिथे हलली. पदकावर उत्सवाचं साल असताना हे कशाला, असं वाटेल. पण काही गावांनी जुने ठसे पुन्हा लावून पुढे विक्रीसाठी आणखी प्रती काढल्या, आणि अशा वेळी पुढची-मागची बाजू काहीच सांगत नाही, कड सांगते. या कंपनीच्या मागे हेन्री आणि फेलिक्स वाइल हे भाऊ होते. त्यांनी पॅरिसहून जानव्हिए यंत्र आणलं. शिल्पकाराने ताटाएवढ्या आकारात केलेलं उठावशिल्प ते यंत्र सुईने चाचपत जातं आणि पोलादात लहान करून कोरतं. उठाव जास्त असेल तर पदक एका दाबात निघत नाही. दाबायचं, भट्टीत तापवून नरम करायचं, पुन्हा दाबायचं. म्हणून खोल उठावाचं पदक हातात घेतलं की श्रम लगेच जाणवतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोची रॉबिन्स, वर सांगितलेली व्हाइटहेड अँड होग, न्यूयॉर्कची डायजेस अँड क्लस्ट ही आणखी काही नावं कडेवर किंवा खालच्या टोकाला बारीक अक्षरांत भेटतील. आणि हो, आपण ज्याला ब्राँझ म्हणतो ते बहुधा नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के जस्त असतं. कथील असलेलं शास्त्रोक्त कांस्य नव्हे. त्यावरून विक्रेत्याशी वाद घालू नका.

आकाराचाही किमतीशी संबंध आहे. हिब्लर आणि कॅपेन यांनी १९६३ मध्ये ‘सो-कॉल्ड डॉलर’ म्हणून डॉलरच्या आसपासच्या आकाराची, म्हणजे साधारण ३३ ते ४५ मिलिमीटरची पदकं यादीत घेऊन त्यांना क्रमांक दिले. ज्याला असा एचके क्रमांक आहे त्याला ग्राहक जास्त, आणि सीलबंद प्लास्टिकच्या खोक्यात दर्जा लावून घेतलेलं असेल तर भाव आणखी चढा. त्याच उत्सवाचं, त्याच शिल्पकाराचं अडीच किंवा तीन इंची पदक त्या मापाबाहेर पडतं म्हणून कित्येकदा स्वस्तात पडून असतं. मला विचाराल तर तेच घ्यावं. शिल्प बघायला तिथे जागा आहे. फक्त तीन इंची ब्राँझ दोनशे ग्रॅमच्या पुढे भरतं, तेव्हा टपालखर्च आधी विचारा.

१९७६ च्या देशाच्या द्विशताब्दीच्या मालाबद्दल माझं मत कडवट आहे. मखमली खोक्यांतले संच, प्रमाणपत्रं, मर्यादित आवृत्तीच्या घोषणा. ‘मर्यादित’ म्हणजे जितकी मागणी आली तितकी. यांतून गाव गायब असतं, सगळीकडे तीच घंटा आणि तोच गरुड. अपवाद एकच: गावाच्या समितीने स्वतः काढलेलं, स्वतःची इमारत दाखवणारं पदक. २०२६ च्या २५० व्या वर्षाच्या पदकांनाही हीच चाळणी लावा.

पदकाबरोबरचा कागद मात्र कधीही टाकू नका. मूळ खोकं, समितीची चिठ्ठी, उत्सवाची कार्यक्रमपत्रिका. किती प्रती काढल्या, चित्र कुणाचं, हे पुष्कळदा फक्त त्या पत्रिकेतच छापलेलं असतं. फीत लावलेला बिल्ला असेल तर पदक आणि फीत वेगळी करू नका. गावोत्सवांच्या पसाऱ्यात आणखी मजेदार गोष्टी सापडतील. लाकडी ‘निकेल’ (पाच सेंटच्या नाण्याच्या नावाने काढलेल्या चकत्या), ठरावीक तारखेपर्यंत दुकानात चालणारी टोकनं, आणि ‘ब्रदर्स ऑफ द ब्रश’चे बिल्ले. उत्सवाच्या आधी काही महिने गावातल्या पुरुषांनी पूर्वजांसारखी दाढी राखायची, जो गुळगुळीत राहील त्याने दंड भरून बिल्ला घ्यायचा, असा तो प्रकार. ओहायोतल्या फॉस्टोरियाची जॉन बी. रॉजर्स कंपनी गावोगाव माणसं पाठवून असे सोहळे आणि ऐतिहासिक देखावे बसवून द्यायची, त्यामुळे एकमेकांपासून हजार मैलांवरच्या गावांत एकच नाटक दिसतं. एका गावाचा संग्रह करायचा तर हे सगळं त्यात बसतं, आणि दोन डॉलरचा दाढीचा बिल्ला शेजारच्या गंभीर पदकाला छान जमिनीवर आणतो.

शोधायचं कुठे? ऑनलाइन विक्रेते पदकाला पदक म्हणत नाहीत. कॉइन, टोकन, मेडॅलियन, सुव्हेनिर, बॅज, सगळे शब्द गावाच्या नावासोबत टाकून बघा, आणि वर्षांचे शब्दही: सेस्क्विसेंटेनियल म्हणजे १५०, टर्सेंटेनरी म्हणजे ३००, आणि क्वास्क्विसेंटेनियल हा जिभेची परीक्षा बघणारा शब्द १२५ साठी. राज्याचं नाव जोडायला विसरू नका, लँकेस्टर आणि स्प्रिंगफील्ड किती आहेत याची मोजदाद नको. गावाच्या हिस्टॉरिकल सोसायटीत एकदा जाऊन या. न खपलेली पदकं अजून कपाटात असतात आणि समितीची इतिवृत्तंही. इतिहास पडताळायला लायब्ररी ऑफ काँग्रेसचं जुन्या वृत्तपत्रांचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ आणि नाणेशास्त्रावरचं ‘न्यूमन पोर्टल’, दोन्ही फुकट आहेत. गाडी काढायची तयारी असेल तर मॅसॅच्युसेट्समधला ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो. तिथे घासाघीस चालते, फक्त दुपारनंतर जा, सामान परत गाडीत भरायचा कंटाळा विक्रेत्यांनाही असतो.

आता पुण्याचं. पुणं चालेल, रत्नागिरी किंवा मुंबईत समुद्राजवळ असतं तर मी दहादा विचार करायला सांगितलं असतं. ब्राँझला मारते ती ओल, आणि तिच्या जोडीला मीठ. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत पदकं ठेवू नका. त्या पीव्हीसीतून निघणारा चिकट हिरवा थर पदकाला चिकटतो. मायलरची कडक पाकिटं किंवा आम्लरहित पुठ्ठ्याची खोकी घ्या, झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जून ते सप्टेंबर जेल दर महिन्याला तापवून कोरडं करा. लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी नको, देवघराच्या कपाटात कापराशेजारीही नको. लॅकर उडालेल्या पदकावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देऊन मऊ कापडाने पुसलं तर पावसाळ्यात आधार होतो. कुठे फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली तर ते पदक त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा, पूड लाकडी टूथपिकने काढा, डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पूर्ण सुकवा आणि महिनाभर नजर ठेवा. पूड पुन्हा आली तर ते वेगळंच राहू द्या. गडद, घट्ट, न निघणारा हिरवा रंग असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

आणि पुण्याला पाठवण्याआधी प्रत्येक पदकाचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून ठेवा, कुठून घेतलं, कितीला, कागद कोणता सोबत आहे ते लिहून. आई-वडिलांना मात्र एवढं सांगून ठेवा की दसऱ्याला भांडी घासायला काढतील तेव्हा हा डबा बाहेर काढायचा नाही.